डावखुरी गाठ

मी एक जुनी रायफल आहे. जुनी आहे ती वयानं. अंगानं मी अजून कोरीच आहे. कारखान्यात सगळ्याच रायफलींची घेतात ती परीक्षा सोडली, तर माझ्या नळीतून आजवर एकही गोळी गेलेली नाही. हे ऐकून लोक हळहळतात, म्हणतात, बिचारीचं आयुष्य वाया गेलं. मित्रांनो, तुम्हीही कीव करायला आला असाल तर आल्या पावली परत जा. ऐकायला आला असाल तर बसा.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका कारखान्यात झाला. दुसरं महायुद्ध संपून नऊ वर्षं झाली होती, पण कारखान्याला ते कुणी कळवलं नसावं. मला अंगभर ग्रीस चोपडून बांधणीच्या खोलीत पाठवलं. तिथं ईडिथ नावाची बाई होती. सुतळीनं बोट कापू नये म्हणून ती शिवणकामातलं पत्र्याचं टोपण, अंगुस्तान, बोटात घालून काम करायची. तिचा धाकटा भाऊ त्या युद्धातून परत आलाच नव्हता. मेणकापडाचा शेवटचा वेढा देताना ती वाकून मला म्हणाली, "पडून राहा गं बाई. तुला सोडायची पाळी कुणावर न येवो." तेवढ्यात अंगुस्तान बोटातून निसटलं आणि कापडाच्या आत माझ्या कुशीत येऊन पडलं.

"ईडिथ, झोप लागली का?" मुकादम खेकसला.

तिनं ते तसंच राहू दिलं आणि गाठ आवळली. बाकीच्या बायका उजव्या हातानं बांधायच्या, ही डाव्या.

मग चाळीस वर्षं गोदामात गेली. आम्ही पाचजणी एका खोक्यात होतो. पुढं आम्हाला नको असलेला माल म्हणून विकून टाकलं आणि बोटीत घालून अमेरिकेला पाठवलं. तिथं ओहायो राज्यात वेंडेल श्रॉक नावाच्या माणसानं मला घेतलं. तो दुधाची टाकी-गाडी चालवायचा. जुन्या लष्करी बंदुकांचा त्याला भारी नाद, आणि बायको लोरेना अशा घराण्यातली, की ज्यांनी सात पिढ्यांत हत्यार धरलं नाही. लग्नाआधीच तिनं त्याला बजावलं होतं, "ज्या बंदुकीनं माणूस मारलाय, ती माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही."

वेंडेलनं मला तिच्यापुढं ठेवलं. "ही बघ. हिनं अजून साधं ठो केलं नाहीये."

"मग येऊ दे," लोरेना म्हणाली.

तेव्हापासून तो कारखान्याच्या वेष्टनातल्या, न उडवलेल्या बंदुकाच जमवू लागला. प्रत्येकीला तो एक चिठ्ठी बांधायचा: साल, क्रमांक, आणि खाली 'गाठ कारखान्याची. एकदाही उडवलेली नाही.' त्याचा मित्र क्लाइड बेनिंग चिडवायचा, "वेंडेल, तू गोळीसुद्धा कागदासकट चोखतोस का रे?" वेंडेल नुसता हसायचा. मला मात्र राग यायचा. लाकडं फोडली नाहीत म्हणून कुऱ्हाडीला नावं ठेवावीत. माणसं मारली नाहीत म्हणून मला का?

वेंडेल गेला त्या वर्षी वसंतात लोरेनानं मोठं घर सोडायचं ठरवलं आणि त्याचा संग्रह जत्रेच्या मैदानावरच्या बंदूक-मेळ्यात मांडला. या संग्राहकांची एक रीत आहे. ते आधी वस्तू बघत नाहीत, गाठ बघतात. भिंग लावून सुतळी वाचतात. गाठ एकदा सुटली की मालाची किंमत उतरली, मग पुन्हा कशीही बांधा. क्लाइड या वाचनात वाकबगार. त्यानं माझ्यावर भिंग धरलं आणि चारचौघांत म्हणाला, "ही गाठ उलटी आहे. खोक्यातल्या बाकीच्या चौघी मी पाहिल्यात, त्या सगळ्या सुलट. ही कुणीतरी सोडून पुन्हा बांधलीय. आत काय आहे देव जाणे. नळाचा पाइपही असेल."

"वेंडेल खोटं लिहीत नव्हता," लोरेना म्हणाली.

"तो फसला असेल, लोरेना. काप, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल." त्यानं खिशातला चाकू पुढं केला.

कापलं तर वेंडेलची चिठ्ठी त्याच क्षणी खोटी होणार, आणि नाही कापलं तर गावभर तो लबाड ठरणार. लोरेनानं चाकू बाजूला सारला. तिनं मला उचललं आणि रस्ता ओलांडून थेट गुरांच्या डॉक्टरकडं नेलं. मागोमाग अख्खा मेळा.

डॉक्टर प्रुइट एका कुत्र्याच्या पायाचा एक्स-रे काढत होते. माझी लांबी बघून म्हणाले, "हिचं शेपूट कुठल्या बाजूला?"

"थट्टा नंतर करा, डॉक्टर. आधी फोटो काढा."

माझा फोटो पडद्यावर आला. मित्रांनो, अर्ध्या शतकानंतर मला कुणीतरी पाहिलं. नळी, घोडा, चाप, सगळं जागच्या जागी. आणि चापाशेजारी एक इवलीशी टोपी.

"हे काय?" क्लाइड पुटपुटला.

"अंगुस्तान," लोरेना म्हणाली. ती चाळीस वर्षं गोधड्या शिवत आलेली. "आणि गाठ उलटी नाही, क्लाइड. डावखुरी आहे. मी डावखुरी, माझी अशीच पडते. गॅरेजात बसून गाठी पुन्हा बांधणारा कुठला गडी अंगुस्तान घालून बंदूक गुंडाळतो, सांग बरं."

क्लाइडनं डोक्यावरची टोपी काढली. "चुकलो. वेंडेलची माफी मागतो." पण लगेच त्याचे डोळे लकाकले. "आता तर कापच! ते अंगुस्तान बघू तरी दे!"

मागून सगळे ओरडू लागले.

"अंगुस्तान पडलं तर बाई पुडा सोडून ते काढून घेते," लोरेना म्हणाली. "ही बांधणाऱ्या बाईनं नाही काढलं. तिला हे सोडायचंच नव्हतं. मग सोडणारी मी कोण? ही विकायची नाही." तिनं मला छातीशी धरलं आणि चालू लागली.

आता मी तिच्या लहान घरात, गोधड्यांच्या कपाटावर असते. मित्रांनो, आपल्या मनोगताच्या शेवटी सगळ्या वस्तू म्हणतात, आम्हाला वापरा, गंजू देऊ नका. मी तसं म्हणणार नाही. माझ्यासारखी एखादी तुमच्या हाती आली तर तिच्या गाठीला हात लावू नका. वाया गेली म्हणणाऱ्यांना म्हणू द्या. माझ्यामुळं कुणाचा भाऊ घरी यायचा राहिला नाही. एवढं काम मी चोख केलंय, आणि अजून करतेय.

मेळ्यातून परतल्यावर त्या संध्याकाळी लोरेनानं वेंडेलची चिठ्ठी पुन्हा वाचली. 'एकदाही उडवलेली नाही.' मग डाव्या हातात पेन धरून तिनं खाली लिहिलं, 'उडणारही नाही.'