पुसलेलं दार

ती सकाळपासून धुमसत होती, आणि का धुमसू नये? चाचणीच्या गाडीचं दार प्रयोगशाळेच्या सरांनी आजही पुसून पुसून आरशासारखं करून ठेवलं होतं. जणू ते विकायलाच काढलं होतं!

यंत्र तिनेच बांधलं होतं. रस्त्याच्या पलीकडून गाडीच्या दारावर लेझर टाकायचा. स्फोटकं हाताळलेल्या बोटांवरचा बारीकसा कण जरी तिथे चिकटला असला, तरी लाल दिवा लागायचा. नसला तर हिरवा. हिरवा लागला की बॉम्बपथकाचा माणूस गाडीजवळ जाणार, आणि तो माणूस म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ.

धुळीने माखलेल्या दारावर एकदा तरी चाचणी घेऊ द्या, म्हणून तिने सरांपुढे किती डोकं आपटलं. पण पाहुण्यांसमोर घाणेरडं दार शोभत नाही, हे सरांचं पालुपद. आज मंजुरी मिळाली की यंत्र थेट पथकाच्या हाती जाणार होतं.

आवारात पाहुणे जमले. चकचकीत दारावर मुद्दाम लावलेला कण टिपून लाल दिवा लागला, टाळ्या पडल्या, सरांची छाती फुगली. तेवढ्यात तिने कोणालाही न विचारता यंत्र वळवलं आणि लेझर टाकला तो सरांच्याच गाडीवर. हिरवा दिवा. माझ्या गाडीवर दुसरं काय लागणार, म्हणून सर हसले. भावाला जाड सूट चढवून शोभेला उभं केलेलं होतं. हिरवा दिसताच त्याने सवयीने हेल्मेट काढून काखेत धरलं.

ते पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा, घाल ते डोक्यात. त्या दारावर मी परवाच तो माल लावून ठेवलाय. वर धूळ बसली, एवढंच."

सर लालबुंद झाले. ही पोरगी भारीच आगाऊ आहे, म्हणाले, एवढ्याशा कणाने माशीसुद्धा मरत नाही. आणि धुळीचं काय एवढं घेऊन बसायचं? माहितीपुस्तिकेत एक ओळ टाकू, की तपासणीआधी दार स्वच्छ पुसून घ्यावं.

तिचा संताप अनावर झाला. भाऊ मात्र सावकाश चालत आला आणि त्याने हेल्मेट सरांच्या हातात दिलं.

"पुसायला कोण जाणार, सर?"