मुठीतलं द्राक्ष

रविवारी सकाळी मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी त्या वेळेला तिथे पळणारी पाच-पंचवीस मंडळी आणि त्यांच्याकडे कीव करून बघणारा माळी, एवढीच वस्ती. पण हल्ली श्वासगुरू यायला लागले होते, आणि ज्यांनी आयुष्यात बससुद्धा पळून पकडली नाही असे लोक पहाटे उठून मैदान गाठत होते.

बक्षीस समारंभाचा तीन पायऱ्यांचा चौथरा मधोमध मांडला होता. त्यावर, अर्थातच एक नंबरच्या पायरीवर, पांढऱ्याशुभ्र ट्रॅकसूटमध्ये श्वासगुरू उभे होते. हे गृहस्थ पूर्वी गाद्या विकायचे. लोकांना झोपवण्याचा अनुभव तेव्हापासूनचा.

“रोग म्हणजे काय?” त्यांनी माइकवरून विचारलं. “अडकलेला श्वास. वाढलेली साखर म्हणजे काय? श्वास मिळाला नाही म्हणून रुसलेलं रक्त. आता मला सांगा, रुसलेल्या माणसाला कोणी सुई टोचतं का?”

लोक हसले, आणि हसता हसता त्यांना ते पटलंही. मग चमत्कार सुरू झाला. मधुमेहाचे रुग्ण रांगेत उभे राहिले. प्रत्येकाच्या हातात एक पिकलेलं द्राक्ष दिलं गेलं. ते मुठीत दाबून, बोटांनी कुस्करून, आपला रोग त्या फळात उतरवायचा. मग मदतनीस बाई कोरड्या कागदी रुमालाने बोटं पुसणार, बोटाला टोचणार आणि रक्ताचा थेंब साखर मोजायच्या मीटरवर घेणार. आकडा माइकवरून जाहीर व्हायचा. तीनशे बारा, तीनशे चाळीस. गर्दी चुकचुकायची. त्यानंतर निळा श्वास आत घ्यायचा, तांबडा बाहेर सोडायचा, गुरूंनी भारलेल्या पाण्याच्या घंगाळात हात खळखळून बुडवायचे, पुसायचे आणि पुन्हा टोचायचं. एकशे सव्वीस. टाळ्यांचा कडकडाट.

चौथऱ्याच्या दोन नंबरच्या पायरीवर मीटरवाले उभे होते. सगळ्यात जोरात टाळ्या तेच वाजवत होते.

मीटरवाले वीज कंपनीत मीटर तपासनीस होते. घरोघरी, कारखान्या-कारखान्यांत जाऊन, मीटरशी कोणी छेडछाड केली आहे का हे शोधून काढणं हे त्यांचं काम. सील जरा तिरकं दिसलं तरी त्यांना वास यायचा. संशय आला की जुन्या मीटरशेजारी ते आपलं दुसरं मीटर बसवायचे, ज्याला त्यांच्या खात्यात चेक मीटर म्हणतात, आणि दोन्हीचे आकडे ताडून बघायचे. “आमच्याकडे नको हो दुसरं मीटर,” असं जो म्हणेल तो चोर, हा त्यांचा सिद्धांत होता आणि तो सहसा चुकत नसे.

हेच मीटरवाले विशीपासून टाइप वन मधुमेहाचे रुग्ण होते. म्हणजे त्यांचं शरीर इन्शुलिन बनवतच नव्हतं. ते रोज बाहेरून, पेनच्या सुईने घ्यावं लागत होतं. तरीही ते मॅरेथॉन पळायचे. पळायच्या आधी इन्शुलिन किती कमी करायचं, काय खायचं, वाटेत कधी मोजायचं, हे सगळं ते डॉक्टरीणबाईंच्या मदतीने, चुकत-माकत, कधी रस्त्यावर आडवे होत शिकले होते. पळणं वाढलं तसं त्यांना इन्शुलिनही थोडं कमी लागायला लागलं होतं. डॉक्टरीणबाईंनी त्यामागचं कारणही साध्या शब्दांत सांगितलं होतं: पळणाऱ्या स्नायूंना तेवढ्याच इन्शुलिनमध्ये जास्त काम जमतं. पण बाईंच्या दवाखान्यात टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. “छान आहे, पण परवा दुपारी का मोजलं नाहीत?” असं विचारायची त्यांची रीत. श्वासगुरूंनी मात्र मीटरवाल्यांना पहिल्याच दिवशी दोन नंबरच्या पायरीवर चढवलं आणि माइकवर सांगितलं की हा माणूस माझ्या श्वासावर पळतो. मीटरवाले हरभऱ्याच्या झाडावर चढले ते चढलेच.

इतके, की गुरूंनी दंडावर चिकटवलेली, सतत साखर मोजणारी चकती काढायला सांगितली तेव्हा त्यांनी ती निमूटपणे काढून टाकली. चकतीने म्हणे लहरी अडतात. दुसरं मीटर नको म्हणणारा माणूस समोर उभा होता, आणि आयुष्यभर अशांना पकडणारे मीटरवाले मान डोलवत होते. त्याच्यावर कडी म्हणजे, घरून निघताना त्यांची साखर एकशे अठ्ठावीस असायची आणि मैदानावर द्राक्ष कुस्करल्यावर तीनशेच्या वर निघायची. त्यांनी गुरूंना भीत भीत विचारलं होतं. “घरी रोग झोपलेला असतो,” गुरू म्हणाले, “इथे आला की जागा होतो.” मीटरवाल्यांना तेही पटलं. एखाद्या गिरणीवाल्याने असं उत्तर दिलं असतं तर त्यांनी जागच्या जागी पंचनामा केला असता.

त्या रविवारी कार्यक्रम संपल्यावर एक बाई त्यांच्यापाशी आली. बसस्थानकात तिकीट खिडकीवर बसणारी, थकलेली. बरोबर सातवीतली मुलगी. शाळेच्या शर्यतींत ही मुलगी सगळ्यांच्या पुढे असायची, म्हणून घरी तिला वारा म्हणायचे. मागच्या महिन्यात ती वर्गात कोसळली आणि टाइप वन निघाला.

“तुमचं इन्शुलिन सुटलं ना?” आईने विचारलं.

“कमी झालंय,” मीटरवाले म्हणाले.

“म्हणजे सुटणारच. आम्ही पुढच्या रविवारी पेन गुरूंच्या हवाली करणार आहोत. सगळ्यांसमोर. तुमच्याकडे बघूनच धीर आला हो.”

टाइप वनच्या माणसाने इन्शुलिन सोडलं तर काय होतं हे मीटरवाल्यांना पक्कं ठाऊक होतं; दोन-चार दिवससुद्धा निभत नाहीत. पण गुरूंचा हात खांद्यावर होता आणि फोटो काढणारा समोर होता. “श्रद्धा असली की सगळं होतं,” ते म्हणाले.

मुलगी त्यांच्या कमरेच्या, पळताना बांधायच्या खिसेवाल्या पट्ट्याकडे बघत होती. “पण काका, तुमच्या पट्ट्यात पेन आहे की.”

मीटरवाले फोटोसाठी पोट आत घेऊन उभे राहिले.

त्या आठवड्यात त्यांना लांब पल्ल्याचा सराव करायचा होता. गुरूंची ताजी आज्ञा होती: एक द्राक्ष मुठीत धरून पळायचं, सुकलं की दुसरं घ्यायचं. मीटरवाले नदीकाठच्या रस्त्याने मूठ आवळून निघाले. समोरून येणाऱ्यांना वाटलं असेल, हा गृहस्थ कोणालातरी गुद्दा मारायला चालला आहे. अर्ध्या वाटेवर थांबून त्यांनी बोट कागदाने पुसलं, टोचलं आणि मोजलं. तीनशे चौपन्न. मैदानावर जागा होणारा रोग आता वाटेतही जागा झाला होता. धसका घेऊन त्यांनी पट्ट्यातलं पेन काढलं, इन्शुलिन घेतलं आणि पुन्हा पळू लागले.

खरी साखर अगदी व्यवस्थित होती. आता ती खाली घसरू लागली.

साखर उतरली की माणसाची अक्कल आधी जाते आणि तोल नंतर. ठरल्याप्रमाणे पुलाजवळ पाणी घेऊन थांबलेली बायको त्यांची वाट बघून कंटाळली आणि स्कूटरवरून उलट निघाली. मीटरवाले रस्त्याकडेच्या एका लोखंडी पेटीसमोर मांडी घालून बसले होते. घामाने निथळत, हात थरथरत, पेटीला दरडावत होते. सील कोणी तोडलं, मालकाला बोलवा, मी पंचनामा करतोय. पेटी टेलिफोनची होती.

बायको शिवणकाम करायची आणि तिला फार बोलायची सवय नव्हती. त्यांना गिळता येतंय एवढं बघून तिने डिकीतलं साखरेचं सरबत त्यांना पाजलं, वर ग्लुकोजच्या गोळ्या चघळायला लावल्या, चिकट मूठ उघडून द्राक्षाचा चोथा काढून फेकला आणि पेटीला टेकवून बसवलं. मीटरवाले हळूहळू माणसांत आले.

घरी आल्यावर त्यांनी सगळा दोष मीटरवर ढकलला. मीटर बिघडलंय, नाहीतर तीनशे चौपन्न असताना साखर एवढी उतरेल कशी? तपासायला धडधाकट माणूस हवा. बायको पट्ट्यात चिरडलेली उरलेली द्राक्षं निवडून कचऱ्यात टाकत होती. “माझं बघा,” म्हणून तिने पदराला पुसलेलं बोट पुढे केलं. सुयांशी रोजचा संबंध. टोचल्यावर पापणीही हलली नाही.

तीनशे सहा.

मीटरवाले ताडकन उठले. “अगं, तुलाही झाला की!”

“मला काही झालेलं नाही,” ती म्हणाली. ती मोरीत गेली, साबणाने हात धुतले, पुसले आणि परत येऊन दुसरं बोट पुढे केलं.

ब्याण्णव.

रक्ताचा केवढासा थेंब, आणि त्याच्याखाली बोटावर वाळलेला द्राक्षाचा रस. मीटर बिचारं दोन्ही साखरा मोजत होतं. डॉक्टरीणबाईंच्या भिंतीवर एक पाटी होती: टोचण्याआधी हात धुवा. मीटरवाल्यांनी ती इतक्या वर्षांत इतक्यांदा वाचली होती की आता ती त्यांना दिसेनाशी झाली होती.

“म्हणजे मी गाढव आहे,” ते म्हणाले.

“तुमचं नंतर बघू,” बायको म्हणाली. “त्या पोरीचं काय?”

मीटरवाल्यांनी बसस्थानकातली तिकीट खिडकी गाठली. आईने ऐकून घेतलं, पण तिला ते ऐकायचं नव्हतं. परवा तुम्हीच म्हणालात श्रद्धा असली की होतं, आता हात धुवा म्हणताय. मागे रांग ओरडत होती. मीटरवाले स्वतःच्याच शब्दांत अडकून परत आले. त्या दिवसांत त्यांची जेवणावर वासना राहिली नाही. टाइप वनच्या माणसाला उपासही धड करता येत नाही, म्हणून जेवले, एवढंच.

पुढच्या रविवारी गर्दी दुप्पट होती. कार्यक्रमाला नाव दिलं होतं पेनमुक्ती. वाऱ्याच्या आईच्या हातात एक ताट होतं आणि ताटात मुलीची इन्शुलिनची पेनं. गुरूंनी मीटरवाल्यांना पायरीवर बोलावलं आणि दोन शब्द बोलायला माइक दिला. गुरूंची एवढीच एक चूक झाली.

“मी मीटरची चोरी पकडतो,” मीटरवाले म्हणाले. “पण माझ्याच बोटावरची चोरी मला इतके दिवस कळली नाही. हसायचं तेवढं हसा, पण जरा थांबून. आधी एक प्रयोग करू. गुरुजी, तुम्हाला मधुमेह नाही ना? मग हे द्राक्ष घ्या. कुस्करा.”

गुरूंनी द्राक्षाकडे बघितलं. “माझं रक्त साधनेचं आहे. ते यंत्राला दाखवायचं नसतं.”

“दुसरं मीटर नको म्हणणारा माणूस,” मीटरवाले स्वतःशीच पुटपुटले, पण माइक चालू होता.

गर्दीत कुजबुज झाली. कोणीतरी शिट्टी मारली. गुरूंचे दोन चेले माइक काढून घ्यायला निघाले. तेवढ्यात वाऱ्याची आई पुढे आली. ताट तिने मुलीच्या हातात दिलं. “माझं मोजा. मला मधुमेह नाही, दवाखान्यात मागच्याच महिन्यात बघितलंय.”

तिने द्राक्ष कुस्करलं. कागदी रुमालाने बोटं पुसली, मदतनीस बाई पुसायच्या तश्शीच. मीटरवाल्यांनी टोचून मोजलं. तीनशे अठरा. मग निळा नाही, तांबडा नाही, कसलाच श्वास नाही. पायरीपाशी उभ्या असलेल्या मीटरवाल्यांच्या बायकोने बाटलीतलं नळाचं साधं पाणी तिच्या हातावर ओतलं, साबण दिला. पुन्हा टोचलं. चौऱ्याण्णव.

वाऱ्याच्या आईने मीटर हातात घेऊन तो आकडा स्वतः वाचला. मग तिने मुलीच्या हातातलं ताट घेतलं, पेनं एक एक करून पर्समध्ये ठेवली आणि पर्सची चेन लावली.

“उद्यापासून सोडणार होते मी,” ती म्हणाली. “उद्यापासून.”

गुरू म्हणत होते की अविश्वासाच्या लहरींमुळे पाणी बिघडलं, आणि खोटं कशाला सांगा, ऐकणारेही होते. काही जण जाताना घंगाळातलं पाणी बाटलीत भरून घेऊन गेले. पण रांगेतल्या बऱ्याच जणांनी नळावर जाऊन हात धुतले आणि मदतनीस बाईंकडे स्वतःहून मीटर मागितलं. बाई खरं तर हुशार होत्या. त्यांनी ते देऊन टाकलं.

मीटरवाल्यांनी माइक सोडला नव्हता. त्यांच्याकडे भाषण तयार नव्हतं, म्हणून सुचेल तसं बोलले. “मी पळतो ते इन्शुलिन घेऊन पळतो. खाऊन पळतो, मोजून पळतो, डॉक्टरांना विचारून पळतो. ते कमी झालं ते पळण्यामुळे, सुटलेलं नाही आणि सुटणार नाही. यात चमत्कार नाही, कटकट आहे. रोजची. पण त्या कटकटीवरच मी एवढा लांब आलो. हात धुवा, मग टोचा. आणि कोणी काही अद्भुत दाखवलं तर दुसरं मीटर मागा. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही.”

खाली उतरल्यावर वारा त्यांच्यापाशी आली. “काका, मग मी पळू शकेन?”

“डॉक्टरांना विचारून. आधी मोजायचं. खिशात साखर ठेवायची. आणि एकटीने नाही.”

काही आठवड्यांनी, डॉक्टरीणबाईंच्या परवानगीने, त्या दोघांनी मैदानाला पहिली फेरी मारली. आई आणि बायको कडेला पाणी घेऊन उभ्या होत्या. मीटरवाल्यांच्या दंडावर नवी चकती होती. सुरुवातीला त्यांनी मोठ्या माणसाच्या थाटात मुलीला सांगितलं की दमलीस तर थांबू, लाजायचं नाही.

पहिल्या वळणावरच ती पुढे निघून गेली. मीटरवाले मागे राहिले, धापा टाकत, आणि त्यांना त्याचा इतका आनंद झाला की डोळे पुसायला त्यांना थांबावं लागलं. पलीकडून ती ओरडली:

“काका, हात धुतलेत ना?”