हद्द

सत्यमला घळीतून वर काढायला माणसं तयार होती, दोर होते, झोळी होती. तरी तो खालीच पडून होता, कारण तो कोणाच्या हद्दीत मेला हे ठरत नव्हतं.

लोहगडवाडीच्या खालच्या अंगाला ओढ्याने डोंगर चिरत नेलेली ही घळ. तिच्या एका काठाला वरचं गाव, दुसऱ्या काठाला खालचं. दोन गावं दोन वेगळ्या पोलीस ठाण्यांत. सत्यम शनिवार-रविवार शहरातल्या पोरापोरींना गड दाखवायला आणायचा. त्या दिवशी मंडळी यायच्या आधी तो दोर बांधायला एकटाच उतरला, शेवाळावरून पाय गेला आणि थेट खाली आला. सकाळी टपरी उघडायला निघालेल्या हनुमंतने त्याची लाल पिशवी झुडपात अडकलेली पाहिली. त्यानेच सत्यमच्या धाकट्या भावाला, संदेशला, लोणावळ्यात फोन केला.

संदेश घळीत उतरला तेव्हा दोन्ही ठाण्यांचे हवालदार आलेले होते. श्रीपती वरच्या गावाचे, बाजीराव खालच्याचे. दोघंही तशी भली माणसं. बाजीरावांनी तर आल्याआल्या संदेशच्या खांद्यावर हात ठेवला. पण पंचनामा कोणी लिहायचा यावर दोघं अडून बसले होते.

"ओढ्याच्या मधोमध हाय हो," श्रीपती म्हणत होते. "उद्या वरून विचारलं, दुसऱ्याच्या हद्दीतला पंचनामा तुम्ही का केला, तर मी काय सांगू?"

"मग मी काय सांगू?" बाजीराव म्हणाले.

संदेश भावाच्या पायाशी उभा होता. आपल्याला रडू यायला हवं, असं त्याला वाटलं. तो वाट पाहत राहिला. आलं नाही. सत्यमच्या एका बुटाची नाडी सुटली होती, ती बांधावी का, एवढंच डोक्यात येत राहिलं.

"संदेश," हनुमंत हळूच म्हणाला, "तुझ्या त्या नकाशात बग की. तू मागं दाखवलं व्हतंस."

त्याला काय म्हणतात हे हनुमंतला माहीत नव्हतं, पण गोष्ट खरी होती. संदेशने जावास्क्रिप्टमध्ये एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतरांनाही आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येईल असा तयार कोड, लिहिली होती. तिला जमिनीवरचा एक बिंदू द्यायचा आणि गावांच्या हद्दी द्यायच्या, तो बिंदू कोणत्या गावात पडतो ते ती सांगते. आतला हिशोब साधा होता. बिंदूपासून एका दिशेला सरळ रेघ सोडायची आणि ती हद्दीला कितीदा छेदते ते मोजायचं. विषम आलं तर बिंदू आत, सम आलं तर बाहेर. संदेशने ती इंटरनेटवर फुकट ठेवली होती आणि कोणकोण ती वापरत होते. मावळातल्या सगळ्या गावांच्या हद्दी त्याच्या फोनमध्ये कायम असत.

दोन्ही हवालदार त्याच्याकडे पाहायला लागले. "बघ बाबा," श्रीपती म्हणाले. "मशीन सांगेल ते लिहितो आम्ही."

संदेशने फोन भावाच्या छातीवर धरला आणि जागा नोंदवली. उत्तर आलं, खालचं गाव. घळीत सिग्नल नीट मिळत नव्हता, म्हणून सवयीने त्याने पुन्हा नोंदवली. उत्तर आलं, वरचं गाव.

तो फोनकडे पाहत राहिला. लायब्ररी चुकली नव्हती. जागा दरवेळी चार पावलं इकडंतिकडं होत होती आणि हद्द त्या चार पावलांतूनच जात होती. कामावर कोणी असं विचारलं असतं तर त्याने सरळ सांगितलं असतं, की इथं उत्तराचा भरवसा धरता येत नाही.

मग त्याने विचार केला, तोही दुसऱ्याच कोणाचा तरी करावा तसा. वरच्या गावाचं ठरलं तर पोस्टमॉर्टेम जवळच्या दवाखान्यात होईल. खालच्याचं ठरलं तर घाट फिरून जावं लागेल, आणि आई सुदुंबऱ्यात दारात बसून आहे.

"वरचं गाव," तो म्हणाला.

"नक्की?" श्रीपतींनी विचारलं.

"नक्की."

श्रीपतींनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. बाजीराव मोकळे झाले होते, तरी गेले नाहीत. झोळीचा एक कोपरा त्यांनीच धरला.

उजेड असतानाच सत्यम घरी आला. वस्तीतली माणसं जमली, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया आईभोवती बसल्या, त्रिसरण झालं. संदेशनेही ते म्हटलं, एकही शब्द न चुकता. आई, रतनबाई, आधी मोठ्याने रडली, मग एकदम थांबली, ती थांबलीच.

पुढच्या आठवड्यात संदेश लोणावळ्याला कामावर गेला. शेजारच्या टेबलावरची मानसी म्हणाली, "अरे, सुट्टी घे ना. कोणी काही म्हणणार नाही."

"घरी तरी काय करू?" तो म्हणाला.

त्याने लायब्ररी उघडली आणि तिच्यात बदल केला. बिंदू हद्दीच्या फार जवळ असेल तर यापुढे ती एकच नाव देणार नव्हती. दोन्ही नावं देणार होती आणि सोबत शंकाही सांगणार होती. काम चोख झालं. नवी आवृत्ती त्याने इंटरनेटवर टाकली. काही दिवसांनी दूरच्या कुठल्याशा देशातून एका अनोळखी माणसाचा निरोप आला: फार उपयोगी बदल आहे, तुम्हाला कसा सुचला?

संदेशने लिहिलं, 'प्रत्यक्ष जागेवर तपासताना.' पाठवलं आणि पुढच्या कामाला लागला.

रविवारी तो सुदुंबऱ्याला गेला. आईने ताट वाढलं आणि स्वतःचंही घेतलं. दोघं समोरासमोर जेवायला बसले.

"आई," तो मध्येच म्हणाला, "दादा नेमका कोणत्या गावात पडला ते मला कळलं नव्हतं. मी आपलं एक सांगून टाकलं. तुला फार वाट बघावी लागू नये म्हणून."

रतनबाईने घास चावून गिळला. "डोंगरात पडला त्यो," ती म्हणाली. "डोंगराला कुटं कळतंय कंचं गाव ते. घरी आणलास न्हवं दिवसाउजेडी? मग झालं."

त्याने मान डोलावली. भाकरी मोडून आमटीत कुस्करली, खाल्ली, दुसरी घेतली. तीही संपत आली तेव्हा रतनबाईचा हात थांबला. बोट आमटीत बुडवून तिने जिभेला लावलं.

"मीठच न्हाई रं यात."

संदेशने ताटाकडे पाहिलं.

"मगाशीच का न्हाई बोललास?"

"कळलंच नाही मला."

"मलाबी न्हाई," रतनबाई म्हणाली. मग भिंतीला हात टेकून उठली, मिठाचा डबा घेऊन आली आणि त्याच्या वाटीत चिमूटभर घातलं.

"आता बघ," ती म्हणाली.