शर्यतीतलं खोटं

सायकलच्या शर्यतीत खोटं बोलायची एक रीत असते. शेजारची हसून म्हणते, "माझे तर पाय गेलेत गं." ते ऐकून शहाणीने सावध व्हायचं, कारण थोड्याच वेळात ही बया सुसाट सुटणार. "आज नुसती फिरायला आलेय" म्हणणारी तर सगळ्यांत जहाल. या खोट्याचा कुणी राग धरत नाही. कार्ल्याच्या चैतालीला ही भाषा तोंडपाठ होती, आणि औंढ्याच्या प्रेरणाला ती तिनेच शिकवली होती.

कॉलेजात असल्यापासून दोघी रोज सकाळी एकत्र सायकल मारायच्या. पुढची वारा फोडते, मागची तिच्या चाकाला चिकटून आडोशाने येते. पुढची दमली की कोपर हलवते आणि मागची पुढे होते. असा वारा वाटून घेणाऱ्या दोघींत लपवण्यासारखं फार काही उरत नाही. नुसत्या श्वासावरून कळतं, आज ही उपाशी निघालीय की घरात भांडून. "निघाली बघा जोडी," असं चहाच्या टपरीवर कुणी म्हटलं की चैतालीला मनातून बरं वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात पवनेच्या रस्त्यावर प्रेरणाच्या पोटात कळ आली. "काय न्हाई, काय न्हाई" म्हणता म्हणता ती रस्त्याकडेला कोसळली. अपेंडिक्स फुटलं होतं. चैतालीने दुधाचा टेम्पो अडवला, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि दवाखाना येईपर्यंत तिला हाका मारत राहिली. ऑपरेशन झालं, प्रेरणा पुन्हा सायकलवर बसली. चैतालीची भीती मात्र गेली नाही. प्रेरणाने पोटावर नुसता हात ठेवला तरी हिचा जीव टांगणीला लागायचा.

यंदा दोघी वेगवेगळ्या क्लबांकडून उतरल्या. कामशेतहून निघायचं, पवनेच्या पाण्याकडेने जायचं, दुधिवरे खिंड चढायची आणि औंढ्यात शर्यत संपवायची. राज्याच्या संघात एकच जागा उरली होती आणि ती पहिली येणारीला मिळणार होती. दोघींना ती हवी होती. म्हणून आदल्या संध्याकाळीच त्यांनी ठरवलं, की खिंडीपर्यंत मिळून जायचं आणि खिंडीत जिची ती. व्यवहार चोख होता. रुसायफुगायचं काही कारण नव्हतं.

पवनानगरच्या पुढे दोघींनी बाकीच्या घोळक्याला मागे टाकलं. पाण्यावरून आडवा वारा येत होता. अशा वाऱ्यात पुढच्या बाईच्या हातात एक हत्यार असतं: रस्त्याच्या अगदी कडेने चालवायची, म्हणजे मागचीला तिरकं येऊन आडोसा घ्यायला जागाच उरत नाही. त्याला गटारीला लावणं म्हणतात. चैतालीच्या प्रशिक्षक राजेश्वरीमॅडम मोटरसायकलवरून तेच ओरडल्या, "कडेला घे! गटारीला लाव तिला!"

तेवढ्यात मागून हळू आवाज आला, "चैते, पोटात दुखतंय गं."

चैतालीच्या तोंडचं पाणी पळालं. "कुटं? तितंच? थांबूया का?"

"नको. आईला कळलं तर सायकल बंद करंल माजी. तू वढ फक्त. खिंडीत मी थांबते, तू जा."

मॅडम पुन्हा ओरडल्या. चैतालीने ऐकलंच नाही. ती रस्त्याच्या मधे सरकली, प्रेरणाला कडेची जागा मोकळी करून दिली आणि सगळा वारा आपल्या छातीवर घेतला. एकदाही कोपर हलवलं नाही. वळणावर वेग कमी केला, धक्के बसू नयेत म्हणून खड्डे लांबून टाळले. "हायेस ना?" ती विचारायची. मागून "व्हय" आलं की पुन्हा पेडल दाबायची. मांड्या पेटल्या होत्या, पण तिला त्याचं काही नव्हतं. पुढे दवाखाना कुठे लागेल, याचाच ती विचार करत होती.

खिंडीच्या शेवटच्या चढावर मागे गिअर पडल्याचा आवाज झाला आणि प्रेरणा बाजूने निघून गेली. तोंड मिटलेलं, श्वास शांत. चैतालीच्या मनात पहिल्यांदा काय यावं? बरं झालं, दुखायचं थांबलं! वेडीला खरंच आनंद झाला. प्रेरणा वळणाआड गेली तेव्हा कुठे तिला समजलं, आणि मग पायांत काही शिल्लक नव्हतं.

औंढ्यात हलगी वाजत होती. चैताली दुसरी आली. प्रेरणाची आई सरूबाई ताट घेऊन उभी होती. लेकीला ओवाळून झाल्यावर तिने चैतालीच्याही कपाळाला कुंकू लावलं. "तू हायेस म्हनून घोर न्हाई बघ मला," ती म्हणाली. चैतालीने मान खाली घातली. मॅडम आल्या, खांद्यावर टॉवेल टाकून गेल्या.

मग गळ्यातला हार काढून प्रेरणा आली. डोळे वर होत नव्हते. "डावच असतो गं, चैते. आमच्या क्लबाच्या सरांनी सांगितलंतं, कायबी कर, पन तिच्याच चाकावर ऱ्हा. तूच म्हनायचीस ना, शर्यतीत समदी खोटं बोलत्यात."

"व्हय. पाय गेलेत म्हनायचं," चैताली म्हणाली. "मी वळखलं असतं. तरी तू जिंकली असतीस तर हार मीच घातला असता तुला."

"मला दुसरं सुचलंच न्हाई."

"सुचलं की. दुसऱ्या कुनाला बोलली असतीस तर तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नसतं. मी एकटीच घाबरनार, हे तुला म्हाईत व्हतं." खांद्यावरच्या टॉवेलने तिने तोंड पुसलं. "जागा गेली, जाऊंदे. पन प्रेरणे, उद्या कुटं रस्त्यात खरंच दुखलं, तर मला काय म्हनून हाक मारशील?"

प्रेरणा रडायला लागली. रडता रडता तिचा हात पोटावर गेला. एरवी चैतालीने तिला जवळ घेतलं असतं. आज तिने पोटावर ठेवलेला प्रेरणाचा हात पाहिला आणि तो खरा की खोटा, हे तिला कळेना.