नोटिशीतल्यांचा पगार

तीस तारखेला खराडीच्या त्या चकचकीत ऑफिसात सगळ्यांचे फोन एकापाठोपाठ वाजले. पगार झाला. प्रियदर्शनी गजभियेचा फोन गप्प. तिचा गुन्हा एवढाच, की राजीनामा देऊन ती नोटिशीची दोन महिन्यांची मुदत इमानदारीत भरत होती.

ती एचआरच्या अनिरुद्धकडे गेली.

"नोटिशीतल्यांचा पगार होल्डवर असतो, मॅडम. शेवटच्या दिवसानंतर पंचेचाळीस दिवसांनी एकदम मिळेल."

"का?"

"लोक पळून जातात."

"पळायचं असतं तर राजीनामा कशाला दिला असता? न सांगताच गेले असते."

अनिरुद्ध नुसता हसला. स्वतःचा पगार जमा झालेल्या माणसाला असं हसता येतं.

हडपसरच्या खोलीचं भाडं पाच तारखेला द्यायचं होतं. घरमालकीण बायडाबाईने तोंडावर सांगितलं, "तुजी कंपनी काचेची आसंल न्हाय तर सोन्याची. पाचला पैसं न्हाईत, तर सहाला खोली मोकळी कर." तिच्याकडे निदान कंपनीसारखी पॉलिसी नव्हती.

चार तारखेला सकाळी मेल आला: प्रियदर्शनीच्या निरोपाच्या केकसाठी प्रत्येकी दीडशे रुपये. यादीत तिचंही नाव! पाठवणाऱ्या शहाण्याने प्रोजेक्टचा अख्खा ग्रुप टाकला होता, लंडनच्या क्लायंटचे तिघे धरून. तिने सगळ्यांनाच उत्तर दिलं, "माझा पगार कंपनीने अडवलाय. केकला पैसे नाहीत."

अनिरुद्धला नियम शिकवायची खाज. त्यानेही सगळ्यांनाच लिहिलं, "राजीनामा दिलेल्या पाचही कर्मचाऱ्यांचे पगार धोरणानुसार रोखलेले आहेत." खाली सही, हुद्दा, कंपनीचं बोधचिन्ह. चोरीची पावती स्वतःच्या हाताने फाडली गड्याने.

दुपारी लंडनहून एका ओळीचा प्रश्न आला, "या पाच जणांचे पैसे आम्ही तुम्हाला दरमहा देतो ना?"

तासाभरात प्रियदर्शनीच्या खात्यात पगार. पाठोपाठ अनिरुद्ध तिच्या टेबलाशी, एसीतही घामाघूम.

"मॅडम, आपण एक मेल टाका ना, प्रश्न मिटला म्हणून. क्लायंट बघतोय."

"बाकी चौघांचं काय?"

"ते बघू पुढे. त्यांनी कुठे तक्रार केलीय?"

तिने कीबोर्ड ओढला. तो वाकून वाचू लागला. "माझा पगार आज जमा झाला. निकिता, सुदर्शन, अभिनव आणि राजनंदिनी यांचा नाही. त्यांचा कधी?"

"अहो, हे नको, हे—"

तोवर मेल गेला होता.