उभ्या धैंच्यावरून फिरलेली फळी

मी एक जुनी फळी आहे. भांडी किंवा पुस्तकं ठेवतात तसली नव्हे, मी शेतातली. पाच हात लांब, चार बोटं जाड, दोन्ही टोकांना लोखंडी कड्या. कड्यांत दोर ओवून मला बैलांच्या मागे बांधतात, आणि वजन पडावं म्हणून कुणीतरी माझ्यावर उभं राहतं. मग मी ढेकळं फोडते, चिखल सारखा करते.

मित्रांनो, मला घडवणारा सुतार मोठा तिरसट माणूस होता. बाभळीचा ओंडका त्याने कितीतरी महिने पाण्यात बुडवून ठेवला, मग सावलीत वाळवला. ज्या शेतकऱ्यासाठी मी घडत होते, तो दर आठवड्याला विचारायला यायचा. सुतार म्हणायचा, "घाई असेल तर माझ्या घराचं दार काढून न्या, त्याचीच फळी करा." त्या शेतकऱ्याला पुढे त्याची सून 'मामंजी' म्हणू लागली. मीही तेच म्हणते.

मामंजींनी मला जपलं. भाताची लावणी जवळ आली की मी चिखलावरून फिरायची, आणि माझ्यामागे पाणी असं सपाट उभं राहायचं की मामंजी पाहुण्यांना मुद्दाम बांधावर आणून दाखवायचे. भात निघाला की गहू, गहू निघाला की पुन्हा भात. कामाला खंड नव्हता आणि कौतुकालाही.

मग ट्रॅक्टर आला. त्याच्या फिरत्या पात्यांनी माझं दोन दिवसांचं काम दोन तासांत उरकलं. गाडीपुरती एक बैलजोडी राहिली, आणि माझी रवानगी कोठारात झाली. खताच्या गोण्यांना जमिनीची ओल लागू नये म्हणून मला त्यांच्याखाली घातलं. पहिल्या वर्षी माझ्यावर दोन गोण्या होत्या. पुढे चार झाल्या, मग सात. शेतात काय चाललंय ते मला पाठीवरच्या ओझ्यावरून कळायचं. खत वाढत होतं आणि गहू मात्र पिवळाच राहत होता. खालच्या शेतात तर पाणी दिलं की दोन-दोन दिवस वरच तुंबायचं. माती दगडासारखी घट्ट झाली होती.

अशात एक दिवस वीटभट्टीवाला आला. त्याचं बोलणं मी कोठारातून ऐकलं. "त्या शेतात तसंही काही पिकत नाही. वरची हातभर माती मला द्या. खाली आहेच की अजून!"

मामंजींनी 'हो' म्हटलं नाही. पण त्यांनी 'नाही'ही म्हटलं नाही, आणि तेच सुनेला टोचलं. भट्टीवाला गेल्यावर ती म्हणाली, "मामंजी, मला एक हंगाम द्या. गहू निघाला की भाताआधी जमीन दोन महिने रिकामी पडते. त्यात धैंचा पेरू, तागासारखं पीक असतं ते. माझ्या माहेरी पेरतात."

"आलं का माहेर!" आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, चुलीपाशी बसून म्हणाल्या. "एवढा वेळ कुठे राहिलं होतं?"

पण मामंजींनी होकाराची मान डोलावली. एक हंगाम मिळाला.

धैंचा झपाट्याने वाढला. दीड महिन्यात माणसाच्या छातीला लागला. कित्येक वर्षांत त्या शेतात इतकं हिरवं कुणी पाहिलं नव्हतं. मामंजी सकाळ-संध्याकाळ बांधावर जाऊन बसू लागले. आणि एके सकाळी सुनेने मला गोण्यांखालून ओढून काढलं, कड्यांना नवे दोर बांधले आणि बैलांना मुसकी घातली.

मामंजी शेताच्या तोंडाशी आडवे उभे राहिले. "काय करतेस?"

"आडवा पाडायचा, मामंजी. मग नांगरून मातीत घालायचा. हेच तर त्याचं काम."

"उभ्या पिकावर फळी? साठ वर्षांत मी उभ्या पिकावर पाय ठेवला नाही. गारांनी झोडपलेलं पीकसुद्धा हाताने उभं केलंय मी. बी धरू दे त्याला."

"बी धरेपर्यंत थांबलो तर खोडाचं लाकूड होईल. मग ते कुजायचं कधी आणि भात लावायचा कधी?" सुनेने एक रोप उपटून त्यांच्यासमोर धरलं. मुळांवर मण्यांसारख्या गाठी लगडल्या होत्या. "हवेतलं खत याने इथे साठवलंय. ते मातीला द्यायचं की तिलाच भट्टीत द्यायचं, ते तुम्ही सांगा."

मामंजी जागचे हलले नाहीत. बैल शेपट्या हलवत राहिले. आत्याबाई घरातून आल्या, कुणाकडे न बघता पदर खोचला आणि माझ्यावर चढून उभ्या राहिल्या. मी करकरले, मित्रांनो, खोटं कशाला सांगू!

"सरका आता," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "जन्मभर तुम्ही माझ्या जाडीला हसलात. आज ती कामाला येतेय."

सुनेने बैल हाकले. बैलांनी तिला जुमानलंच नाही, ते वाकडे चालले. चार पावलं मामंजींनी पाहिलं. मग पुढे येऊन त्यांनी कासरा सुनेच्या हातातून घेतला. "सरळ ओळ धरायला लागते," एवढंच म्हणाले. संपूर्ण शेत त्यांनी स्वतः आडवं केलं, नजर लांब झाडांवर ठेवून. माझ्याखाली कोवळी खोडं वाकत होती आणि हिरवा ओला वास सुटला होता. मी ज्या दिशेने गेले, त्याच दिशेने मागून नांगर आला.

त्या वर्षी भात थोडासाच बरा आला. मामंजी म्हणाले, "एवढ्यासाठी?" पण गव्हाला पहिलं पाणी दिलं, तेव्हा सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत जमिनीत जिरलं होतं. त्यांनी वाकून मूठभर माती घेतली. ती मुठीत सुटी झाली. भट्टीवाला पुन्हा विचारायला आला, तेव्हा मामंजींनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "माती कामात आहे."

याला सहा वर्षं झाली. गोण्या सातांवरून चारांवर आल्या आहेत. धैंचा छातीला लागला की आता मामंजीच घाई करतात. "फळी काढा, उशीर होतोय!" आत्याबाई बसल्या जागेवरून ओरडतात, "वजन तयार आहे!"

मीही झिजले आहे. मला दुरुस्त करता आलं तर करा, नाहीतर माझ्याजागी नवी आणा, हरकत नाही. पण मित्रांनो, जमीन बदलून आणता येत नाही. ती देते म्हणून घेतच राहू नका, अधूनमधून तिच्यासाठीही काही पेरा. आणि कुठे कुणी उभं हिरवं शेत आडवं करताना दिसलं, तर त्याला वेड्यात काढून पुढे जाऊ नका. भात पोटरीत येईल, लोंब्या धरायला लागेल, तेव्हा त्याच वाटेने पुन्हा या, आणि बांधावर घटकाभर बसा.