पायमोज्यातली सापेरावी

नोदारची सापेरावी द्राक्षाची वेल सरकारी कागदावर मेली. पण ते सध्या सोडा. अजून असं काही झालंच नाही असं धरून चालू.

"मूळ?" बाद्रीने वेलीच्या नोंदणीच्या अर्जावर पेन सरसावून विचारलं. द्राक्षखात्याचा हा निरीक्षक पांढराशुभ्र शर्ट घालून आला होता, म्हणजे नोकरीत नवाच होता.

"नानुलीचं माहेर," नोदार म्हणाला.

"काका, रोपवाटिका कुठली ते विचारतोय."

"कसली रोपवाटिका? लग्नाच्या दिवशी बापाच्या मळ्यातली काडी ओल्या पायमोज्यात गुंडाळून आणली तिने. दुसरा मोजा सासूकडे राहिला. तो अजून मागतोय मी."

"कागद आहे याचा?"

"लग्नाचा आहे."

बाद्रीने कपाळ चोळलं. "मग 'मूळ अज्ञात' लिहावं लागेल. वाइनच्या बाटलीवरही तेच येईल."

नोदार उखडला. नानुलीला जाऊन चार वर्षं झाली होती. "छत्तीस वर्षं भांडलो मी तिच्याशी. अज्ञात कशी?"

"बरं, ही सापेरावीच कशावरून?"

नोदारने एक मणी तोडून थेट अर्जावर चिरडला. "बाकीची काळी द्राक्षं आतून पांढरी निघतात. ही आतूनही लाल. आणि चव बघ, जीभ आवळून धरते. रागीट आहे. हिची वाइन दहा वर्षं मातीच्या घड्यात ठेवली तर कुठे जरा माणसात येते. नानुलीला तेवढीही पुरली नाहीत."

"काका, हा एकच अर्ज होता!"

"दुसरा जेवताना भर."

काखेती या द्राक्षांच्या मुलखात पाहुणा जेवल्याशिवाय जात नाही, आणि पेला उचलून कुणासाठी तरी चार शब्द बोलल्याशिवाय घोट घेत नाही. पहिला पेला देवासाठी झाला, दुसरा देशासाठी. तिसरा गेलेल्यांचा. नोदार उठून उभा राहिला. पावावर वाइनचे थेंब सोडत तो नानुलीबद्दल बोलला, मग तिच्या बापाच्या मळ्याबद्दल. सरकारने दारूबंदीच्या मोहिमेत तो मळा शहाऐंशी साली मुळासकट उपटला होता. "त्या थोर वेलीच्या आत्म्याला शांती लाभो," असं म्हणून त्याने पेला रिकामा केला. बाद्रीने डोळे पुसले आणि पाचव्या पेल्यानंतर अगदी मनापासून अर्ज भरला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. 'सदर वेल १९८६ साली मयत. मयत वेलीची द्राक्षे विकता येत नाहीत. हरकत असल्यास वेल आणणाऱ्या व्यक्तीने समक्ष हजर राहावे.'

नोदारने फोन लावला. "अरे गाढवा, मेली ती तिची आई! ही माझ्या डोक्यावर लोंबतेय!"

"काका, नोंद झालीय हो," बाद्री रडकुंडीला येऊन म्हणाला. "आता माझ्या हातात नाही. तुम्ही रीतसर लिहून द्या."

नोदार वेलीखाली बसला. काढणी नुकतीच उरकली होती. बोटं काळीजांभळी झालेली, कागदावर जागोजाग ठसे उमटत होते. त्याने रीतसर लिहिलं:

'महोदय,
आपल्या पत्रातील अट अर्जदारास मान्य आहे. वेल आणणारी व्यक्ती, श्रीमती नानुली, सध्या गावाच्या दफनभूमीत, भिंतीलगत तिसऱ्या रांगेत वास्तव्यास आहे. तरी सदर व्यक्तीस कार्यालयात समक्ष हजर राहण्यासाठी एक दिवसाची परवानगी मिळावी. पुढच्या काढणीच्या दिवसांतली तारीख दिल्यास बरे पडेल. जाण्यायेण्याचा खर्च अर्जदार सोसेल.

ता. क. : येताना दुसरा मोजा आणण्याबद्दल आपल्या स्तरावरून सूचना व्हावी.'